झडप फुकट बसली, पुढचं बिल कुणाचं?

माझ्या खालाच्या मुलीच्या छातीतून घड्याळासारखा आवाज येतो. रात्री घरात सामसूम झाली की शेजारी झोपलेल्यालाही तो ऐकू येतो. टिक, टिक. २०१८च्या जानेवारीत तिच्या हृदयातली डाव्या बाजूची झडप काढून तिथं धातूची झडप बसवली, तेव्हापासूनचा हा आवाज. तिचा धाकटा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्यानं त्याचं नाव ठेवलं, 'अम्मी की घडी'.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना; जुने लोक अजून तिला राजीव गांधी योजनाच म्हणतात, कारण २०१२मध्ये ती त्याच नावानं सुरू झाली होती. पिवळं रेशनकार्ड होतं, कागद जुळले, झडपेचे आणि ऑपरेशनचे पैसे द्यावे लागले नाहीत. आधीच्या तपासण्या, रक्ताची सोय, पुण्यात राहणं-खाणं यासाठी पैसे लागणार होते. मी आणि तिच्या मोहल्ल्यातले दोघे-तिघे मशिदीत बोललो. दोन जुम्म्यांत ४८ हजार रुपये जमले. एका रिक्षावाल्यानं दिवसभराची कमाई चादरीवर टाकली, ते मी पाहिलं आहे. आपली माणसं देत नाहीत असं मी कधी म्हणणार नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण ऑपरेशनला देतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्याला, सव्विसाव्या महिन्याला, साठाव्या महिन्याला कुणी देत नाही. मी पण त्यातच होतो, म्हणून लिहितोय.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो, कारण ऑपरेशन होईपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. धातूची झडप टिकाऊ असते, बहुतेकांना ती आयुष्यभर पुरते. पण रक्ताला ती परकी वाटते. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते, मरेपर्यंत. वॉर्फरिन किंवा तिच्याच जातीची ॲसिनोकूमारॉल. वॉर्फरिन मुळात १९४८च्या सुमारास अमेरिकेत उंदीर मारायला विकलं जायचं, माणसांसाठी ते १९५४पासून आलं. यातच सगळं आलं. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. मधली वाट अरुंद आहे आणि ती प्रत्येकाची वेगळी, शिवाय दर महिन्याला हलणारी. पालक, मेथी, कोथिंबीर एकदम जास्त खाल्ली तर बदलते. अँटिबायोटिक घेतलं तर बदलते. अंगदुखीवर मेडिकलवाल्यानं हातावर टेकवलेली गोळी तर फारच वाईट. म्हणून रक्ताची एक तपासणी करत राहायची, तिला आयएनआर म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. आमच्या आपाचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा होता. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी हे नीट सांगितलं होतं, कागदावर लिहूनही दिलं होतं, इंग्रजीत. तिला उर्दू वाचता येतं, मराठी अडखळत. उर्दूत तो कागद मी नंतर लिहून दिला. नंतर म्हणजे सात महिन्यांनी. तोपर्यंत ती हिरवी भाजी पूर्ण बंद करून बसली होती, कारण कुणीतरी तिला तसं सांगितलं होतं. बंद करायची नसते, रोज साधारण सारखी खायची असते, एवढंच.

आता पैशांचं बघू. हा हिशोब तिच्या घरचा आहे, २०१९चा. खासगी लॅबमध्ये आयएनआरचे ३५० रुपये. तालुक्याला ही तपासणी तेव्हा होत नव्हती, म्हणून सोलापूरला यायचं, नवरा-बायकोचं एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं २४०. (२०२३पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढा आराम.) नवरा हातगाडीवर फळं विकतो, त्याचा दिवस गेला, ४०० रुपये. रक्त पातळ करणारी गोळी स्वस्त, महिन्याला १४० रुपयांची. बेरीज ११३०. महिन्याला अकराशे तीस रुपये. ऐकायला काहीच वाटत नाही. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एका वाढदिवसाला याहून जास्त खर्च होतो. पण ज्या घरात महिन्याला नऊ-दहा हजार येतात आणि चार लेकरं आहेत, त्या घरात हा आकडा दर महिन्याला कुणाच्या तरी ताटातून काढावा लागतो. आणि ज्या आजारात काहीच दुखत नाही, श्वास नीट आहे, बाई शिवणयंत्रावर बसून फॉल-पिको करते आहे, त्या आजारासाठी काढावा लागतो. मग काय होतं? या महिन्याची तपासणी पुढच्या महिन्यावर जाते. पुढच्या महिन्यात ईद असते किंवा शाळेची वह्या-पुस्तकं.

तरी तिनं दोन वर्षं निभावलं. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला. एसटी बंद, हातगाडी बंद. जिल्ह्याबाहेर जाणारी एसटी पुन्हा सुरू झाली ती ऑगस्टमध्ये, पण तोवर भीती बसली होती की दवाखान्यात गेलं की कोरोना लावून घेऊन येतात. आठ-नऊ महिने एकही आयएनआर नाही. गोळी ती घेत होती. नंतर कळलं की गोळी पुरवण्यासाठी ती एक दिवस आड घेत होती. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं, मला तर नाहीच. मी दर आठवड्याला फोन करून 'तबियत कैसी है' विचारत होतो. 'अल्हम्दुलिल्लाह, अच्छी है' असं ती म्हणायची आणि मला बरं वाटायचं. 'आयएनआर किती आला?' असं एकदाही विचारलं नाही.

डिसेंबरमध्ये एका रात्री तिला आडवं झोपता येईना, दम लागायला लागला. आणि तो सात वर्षांचा झालेला मुलगा बापाला म्हणाला, "अब्बा, अम्मी की घडी आवाज नै कर री."

डॉक्टर पुढे म्हणाले की पोरानं निदान बरोबर केलं होतं. झडप अडकली की तिचा आवाज दबतो किंवा थांबतो. सोलापूरला आणलं तेव्हा आयएनआर होता १.३. तिथून रात्रीच ऑक्सिजन लावून पुण्याला. गुठळी विरघळवणारं औषध शिरेतून दिलं. झडप मोकळी झाली, जीव वाचला. पण विरघळताना गुठळीचा एक तुकडा मेंदूकडे गेला. हा धोका असतो हे आधी सांगून सही घेतली होती, त्यामुळे कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. उजवा हात लुळा पडला. आता थोडा सुधारला आहे, चमचा धरता येतो. सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणजे फॉल-पिको संपलं.

वही माझ्याकडे होती, कारण अशा वेळी घरात 'मास्तर' असला की हिशोब त्याच्याकडेच येतो. ॲम्ब्युलन्स १४,०००, कोविडचा भाव. दवाखान्याचं बिल १,९४,०००. बाहेरून आणलेली औषधं ४१,०००. तेरा दिवस दोन माणसांचं राहणं-खाणं १७,०००. पुढच्या सहा महिन्यांत फिजिओथेरपी, फेऱ्या, सोनोग्राफीनं हृदय बघणं वगैरे ३८,०००. एकूण ३ लाख ४ हजार.

योजनेत बसवता येईल का यासाठी दीड दिवस कागद फिरत होते. शेवटी बसलं नाही. का बसलं नाही हे मला आजही नीट सांगता येणार नाही, आणि तेव्हा भांडायची ताकद नव्हती. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका दवाखान्यापुरती नाही.

पैसे आले कुठून, तेही लिहून ठेवतो. तिचे दागिने ९२,०००. आमच्या शिक्षक पतसंस्थेतून मी उचललेलं कर्ज ६०,०००. दिरानं दिले ५०,०००. मोहल्ल्यातून आले ११,५००. उरलेले ९०,५०० व्याजानं. व्याज घेणं-देणं हराम, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवरा सही करून आला त्या संध्याकाळी जेवला नाही, एवढं मला माहीत आहे.

दोन आकडे शेजारी ठेवून बघा. २०१८ साली ४८ हजार, २०२० साली साडेअकरा हजार. अर्धं कारण लॉकडाउन, मान्य. सगळ्यांचेच हात आखडले होते, मशिदी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बंदच होत्या, सगळं व्हॉट्सॲपवर चाललं. पण मला दोन माणसांकडून स्पष्ट ऐकायला मिळालं, 'मास्टरसाब, उस वक्त दिए थे ना?' एक तर माझ्या ओळखीतला, चांगला माणूस. त्याच्या डोक्यात असं होतं की ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला, आता पुन्हा मागतात म्हणजे काहीतरी गडबड आहे. मी त्याच्यावर रागावलो. नंतर वाटलं की याला सांगणार कोण होतं? २०१८मध्ये मीच मिंबरजवळ उभा राहून म्हणालो होतो, 'ऑपरेशन हो गया तो हमारी बहन बिल्कुल ठीक हो जाएगी.' मी असं म्हणायला नको होतं. ऑपरेशननं एक आजार जातो आणि त्याच्या जागी एक नोकरी लागते, रोजची, बिनसुट्टीची.

आता एक साधा भागाकार. महिन्याला ११३०, म्हणजे वर्षाला १३,५६०. त्या एका रात्रीपासून पुढे जे ३ लाख ४ हजार गेले, त्यात २२ वर्षांच्या तपासण्या, गोळ्या, एसटी आणि बुडालेली मजुरी, सगळं भागलं असतं. हात शाबूत राहिला असता तो वेगळा. आमच्या सातवीच्या पोरांना हे गणित घातलं तर ते सोडवतील.

सरकारनं काय करावं, हेही बोलायला हवं. जन आरोग्य योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती, ती पाच लाख केली, चांगलं झालं. पण ही मर्यादा खाटेवरच्या माणसासाठी आहे. योजना सुरू झाली तेव्हा ९७१ उपचार आणि १२१ पाठपुराव्याची पॅकेजं होती, म्हणजे पाठपुरावा लागतो हे तिथं कुणाला तरी कळलं होतं. पण डिस्चार्जनंतर औषधं दहा दिवसांची. माणूस पुढे जगणार तीस वर्षं. पाच लाखांचे दहा लाख केले तरी सोलापूरच्या एसटी स्टँडवर ३५० रुपये नाहीत म्हणून परत फिरणाऱ्या बाईला त्यातला रुपया मिळत नाही. तिला हवं आहे तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोन दिवस आयएनआर आणि तिथंच ती गोळी. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत. पण जी तपासणी तिथं होतच नाही, ती निःशुल्क असून उपयोग काय? तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं १९९०मध्ये देशी झडप बसवून दाखवली, परदेशी झडपेपेक्षा कितीतरी स्वस्त. डॉ. वलियाथन आणि त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं खपून ती केली. ज्या देशात झडप घरी बनते, तिथं झडपेनंतरची रक्ततपासणी तालुक्याला पोहोचत नाही, याचं मला आश्चर्य वाटत राहतं.

धर्मादाय दवाखान्यांबद्दलही मला उशिरा कळलं. ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६मध्ये ठरवून दिलेली योजना आहे. बिलांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. तातडीचा रुग्ण असेल तर अनामत मागता येत नाही. पिवळं रेशनकार्ड किंवा तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हे सगळं त्या रात्री मला माहीत असतं तर मी निदान विचारलं तरी असतं. झडपेचा रुग्ण घरात असेल तर दरवर्षी उत्पन्नाचा दाखला नवा करून फाइलमध्ये ठेवा, रात्री दोन वाजता तहसील उघडं नसतं.

यात बायकांचं वेगळंच दुखणं आहे आणि त्यावर आपल्याकडे कुणी तोंड उघडत नाही. आपल्या भागात झडप खराब होण्याचं मोठं कारण लहानपणचा सांधेज्वर. म्हणजे हे रुग्ण तरुण असतात आणि त्यात मुली बऱ्याच. वीस-बावीसची मुलगी, धातूची झडप, घरात रिश्ते येऊ लागलेले. आई-बाप झडपेचं लपवतात. सासरी गोळी लपून घ्यायची, आयएनआरला जायचं तर बहाणा काय सांगायचा, म्हणून जायचंच नाही. आणि दिवस राहिले तर आणखी पेच. वॉर्फरिन पहिल्या महिन्यांत बाळाला अपाय करू शकतं, गोळी बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी. मधल्या काळात हेपॅरिनची इंजेक्शनं, रोजची, महाग, आणि वारंवार तपासण्या. जनावराच्या ऊतीची झडप बसवली तर आयुष्यभर गोळीची गरज सहसा नसते, पण तरुण वयात ती दहा-पंधरा वर्षांत खराब होते, मग दुसरं ऑपरेशन. हे ऑपरेशनच्या आधी मुलीसमोर, मुलीच्या भाषेत बोललं गेलं पाहिजे. माझ्या माहितीतल्या एका घरात लपवलं होतं. निकाहनंतर सातव्या महिन्यात उघड झालं, आणि सासरच्यांचा राग आजारावर नव्हता, लपवण्यावर होता. सासू आता स्वतः तिला तपासणीला घेऊन जाते.

रमजानचं एक. आजारी माणसाला रोजाची सूट आहे, पण आमची आपा ऐकत नाही, आणि तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. रोजा ठेवायचाच असेल तर डॉक्टरांना विचारून, गोळीची वेळ इफ्तारनंतर पक्की करून, आणि त्या महिन्यात तपासणी एक जास्त. खाण्याचं सगळं चक्र बदललेलं असतं, आकडा हलतो. तसंच दात काढण्याचं. झडपवाल्यानं दाताच्या डॉक्टरला झडपेचं आधी सांगायचं म्हणजे ते अँटिबायोटिक देतात. जंतू झडपेवर बसले तर चार-सहा आठवडे शिरेतून औषध, आणि एवढे आठवडे खाटेवर म्हणजे किती लाख, ते मी लिहीत नाही.

आता जकातीबद्दल. आपल्याकडे रमजानात जकात निघते ती मदरशांकडे जाते, विधवांकडे जाते, काही ऑपरेशनांना जाते. जकातीच्या आठ हकदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूस आहे, हे आपण बयानात ऐकतो. म्हणजे माझ्या आपाचा नवरा ९० हजार व्याजानं काढून आला की तो हकदार होतो. पण कर्ज होऊच नये म्हणून आधी ११३० रुपये देता येणार नाहीत का? तो गरीब तर आधीपासूनच आहे! एका मौलानांशी मी बोललो. त्यांचं म्हणणं, जकात हकदाराच्या हातात, त्याच्या मालकीची व्हायला हवी, परस्पर लॅबला नको. ठीक आहे. हातात देऊ, तो लॅबला देईल, किंवा त्यानंच आम्हाला वकील नेमावं. वाट निघते. अडचण फिक्हची नाही. अडचण अशी की महिन्याला हजार रुपये देणाऱ्याचा फोटो येत नाही. ऑपरेशनला दिलं की माणूस जगला असं दिसतं. आयएनआरला दिलं की काहीच झालं नाही असं दिसतं. काहीच होऊ नये हेच तर हवं असतं.

आणि शिक्षक म्हणून एक. घसा बसलेली, ताप आलेली पोरं वर्गात रोज असतात. त्यातल्या काहींना दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो, तो उतरतो तर घोटा सुजतो. आपण म्हणतो, खेळताना लागलं असेल. सांधेज्वर असाच येतो, पाच ते पंधरा वर्षांच्या वयात, जास्त करून दाटीवाटीच्या घरांत, आणि झडपेला चावून जातो. वेळेत ओळखला तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, काही वर्षं. फार महाग नाही. आपाला तिसरीत असताना 'गठिया' म्हणून तेल चोळलं होतं, सगळ्या खानदानाला आठवतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, त्यांच्या यादीत हा हृदयाचा आजारही आहे. त्या दिवशी अशा पोराला पुढे करायचं, गैरहजर राहू द्यायचं नाही. मी आता हजेरीपटात पेन्सिलीनं खूण करतो.

२०२२च्या उन्हाळ्यात आम्ही अकरा जणांनी, त्यात चार हिंदू सहकारी आहेत, महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये काढायला सुरुवात केली. साडेपाच हजार होतात. आपा धरून चार झडपवाल्यांची तपासणी, गोळी आणि एसटी त्यात बसते, थोडं शिल्लक राहतं. लॅबवाल्यानं आपणहून १०० रुपये कमी केले. नियम एकच, आकडा आला की व्हॉट्सॲपवर टाकायचा. दोघांचा आकडा गेल्या वर्षी एकदा पाचच्या वर गेला होता, डॉक्टरांना फोन करून डोस बदलला, रक्तस्राव झाला नाही. त्याचा खर्च शून्य, म्हणून वहीत नोंद नाही. पाचवा आणि सहावा रुग्ण थांबून आहेत, त्यांच्यासाठी अजून पाच माणसं हवीत. मशिदीच्या कमिटीसमोर विषय दोनदा ठेवला. पुढच्या रमजानच्या जकातीच्या ऐलानात हे घ्यायचं की नाही यावर एकमत झालेलं नाही. सदर म्हणाले, ईदनंतर बसू. कोणती ईद, ते विचारायचं राहिलं.